'कामगार' कोण? : आशियातील कामगार कायद्यांचा ऐतिहासिक विकास आणि मुंबई-मराठवाड्याचा अनुभव

सारांश

आशियातील कामगार कायद्यांचा इतिहास सामान्यतः कामाचे तास, वेतन, सुट्टी आणि भरपाई या सवलतींच्या क्रमाने सांगितला जातो. प्रस्तुत शोधनिबंधात हाच इतिहास कायद्याच्या दृष्टीने 'कामगार' कोण, या प्रश्नाच्या आधारे तपासला आहे. १८८१ ते २०२० या काळात भारतीय कारखाना कायद्यातील कामगारसंख्येची अट कशी बदलत गेली, मुंबईच्या गिरणी कामगारांनी केलेल्या मागण्या कायद्यात केव्हा उतरल्या आणि मराठवाड्यातील श्रमिक या कायद्याच्या आत किती आले, याचा येथे विचार केला आहे. जपान, चीन, कोरिया व बांगलादेश यांचे अनुभव तुलनेसाठी घेतले आहेत.

बीजसंज्ञा : कामगार कायदे, कारखाना अधिनियम, नारायण मेघाजी लोखंडे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, माथाडी कामगार, ऊसतोड कामगार, मराठवाडा.

प्रस्तावना

औद्योगिक क्रांतीबरोबर युरोपात कारखाने आले आणि कारखान्यांपाठोपाठ कामगार कायदे आले, हा क्रम आपल्या परिचयाचा आहे. आशियात मात्र हा क्रम जसाच्या तसा घडला नाही. येथे कारखाने उभे राहिले तेव्हा बहुतेक देश वसाहतवादी सत्तेखाली किंवा तिच्या दबावाखाली होते. त्यामुळे कायदा कोणी केला, कोणाच्या हितासाठी केला आणि कोणापर्यंत पोहोचू दिला, हे तिन्ही प्रश्न सुरुवातीपासून एकमेकांत गुंतलेले आहेत.

कोणताही कामगार कायदा हक्क देण्याआधी एक व्याख्या करतो. अमुक इतकी माणसे जेथे काम करतात तो कारखाना आणि अशा कारखान्यात जो काम करतो तो कामगार. या व्याख्येच्या आत जो आला त्याच्यासाठी कायदा आहे. जो बाहेर राहिला त्याच्यासाठी तो नाही, मग त्याचे श्रम कितीही कष्टाचे असोत. म्हणून कामगार कायद्याचा इतिहास हा मूलतः या व्याख्येच्या विस्ताराचा आणि संकोचाचा इतिहास आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. हा विस्तार आपोआप झालेला नाही. जे बाहेर होते त्यांनी दार ठोठावले तेव्हाच तो झाला, याचा पुरावा मुंबई आणि मराठवाडा या दोन प्रदेशांच्या इतिहासात मिळतो.

निबंधासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून मुख्य आधार कायद्यांतील तरतुदींचा आणि त्यांच्या कालक्रमाचा आहे.

उचल आणि शिक्षा : संरक्षणापूर्वीचा कायदा

भारतातील आधुनिक कामगार कायद्यांचा आरंभ १८८१ च्या कारखाना अधिनियमापासून मानण्याची प्रथा आहे. परंतु त्यापूर्वी बावीस वर्षे, १८५९ मध्ये, कामगारांविषयीचा एक कायदा झाला होता. तो कामगारांच्या करारभंगाचा कायदा होय. आगाऊ रक्कम घेऊन काम न करणाऱ्या किंवा काम अर्धवट सोडणाऱ्या कारागिराला अगर मजुराला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याची मुभा या कायद्याने मालकाला दिली. रक्कम परत करावी किंवा काम पूर्ण करावे, आणि हुकूम न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंतचा तुरुंगवास भोगावा, अशी त्याची रचना होती. मालकाने करार मोडला तर तो दिवाणी वाद, मजुराने मोडला तर मात्र गुन्हा, हा भेद या कायद्याच्या मुळाशी होता.

हा प्रकार केवळ भारतापुरता नव्हता. डच सत्तेखालील सुमात्राच्या मळ्यांसाठी १८८० मध्ये झालेल्या 'कुली' अध्यादेशातही करार मोडणाऱ्या मजुराला फौजदारी शिक्षेची तरतूद होती. श्रीलंकेतही १८६५ च्या अध्यादेशाने याच स्वरूपाची व्यवस्था केली होती. म्हणजे वसाहतकालीन आशियात कायद्याने कामगाराला प्रथम ओळखले ते हक्काचा धनी म्हणून नव्हे, तर उचल घेतलेला ऋणको म्हणून. १८५९ चा कायदा १९२५ मध्ये रद्द करण्यात आला. उचलीची पद्धत मात्र त्याच्याबरोबर संपली नाही, हे पुढे दिसून येईल.

कारखान्याचे फाटक : १८८१ चा अधिनियम

१८५० च्या दशकात मुंबईत पहिली कापड गिरणी सुरू झाली. पुढील दोन दशकांत गिरण्यांची संख्या वाढली आणि तेथील मुलांच्या व स्त्रियांच्या श्रमाचा प्रश्न पुढे आला. १८७५ मध्ये मुंबई सरकारने आयोग नेमला. परंतु बहुसंख्य सदस्यांना कायद्याची गरज वाटली नाही. सोराबजी शापूरजी बंगाली यांनी १८७८ मध्ये कायद्याचा मसुदा तयार करून हा प्रश्न जिवंत ठेवला. दुसरीकडे मँचेस्टरचे गिरणीमालकही भारतात कारखाना कायदा व्हावा म्हणून आग्रही होते. मुंबईच्या स्वस्त मालाची स्पर्धा त्यांना जाचत होती. त्यामुळे हा कायदा दयाबुद्धीतून आला की व्यापारी स्पर्धेतून, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. वस्तुतः दोन्ही प्रवाह त्यात मिसळलेले होते.

१८८१ च्या अधिनियमाने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा घातली. प्रौढ पुरुष आणि स्त्रिया यांच्या कामाच्या तासांविषयी त्यात काहीच नव्हते. यांत्रिक शक्तीवर चालणारा, किमान १०० माणसे असलेला आणि वर्षातून चार महिन्यांपेक्षा अधिक काळ चालणारा कारखाना एवढ्यांनाच तो लागू होता. चहा, कॉफी आणि निळीचे मळे वगळले होते. चार महिन्यांच्या या अटीमुळे हंगामी जिनिंग-प्रेसिंगचे अनेक कारखाने बाहेर राहिले. खानदेशातील जिनिंगमध्ये हंगामात माणसे पहाटेपासून रात्रीपर्यंत आणि प्रसंगी रात्रंदिवस राबत असल्याचे १८८४-८५ च्या आयोगापुढील साक्षींतून उघड झाले. ज्यांना संरक्षणाची सर्वाधिक गरज होती तेच व्याख्येच्या बाहेर होते.

लोखंडे यांच्या मागण्या आणि कायद्याची गती

या टप्प्यावर प्रश्नाची सूत्रे प्रथमच कामगारांच्या बाजूने हाती घेतली ती नारायण मेघाजी लोखंडे (१८४८-१८९७) यांनी. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक चळवळीत घडलेले लोखंडे १८८० पासून मुंबईत 'दीनबंधु' पत्र चालवीत होते. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळ येथे गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार करून आयोगापुढे ठेवले. त्यांच्या 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन'ला नोंदलेले सभासद किंवा वर्गणीचा निधी नव्हता, म्हणून तिला आधुनिक अर्थाने कामगार संघटना म्हणावे काय, असा प्रश्न विचारला जातो. तथापि कामगारांच्या मागण्या कामगारांच्या नावाने मांडण्याची परंपरा तिनेच सुरू केली, हे नाकारता येत नाही. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मी येथे भरलेल्या सभेस सुमारे दहा हजार कामगार उपस्थित होते आणि दोन स्त्री कामगारांनीही तेथे भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. त्याच वर्षीच्या कारखाना आयोगावर लोखंडे यांची सहयोगी सदस्य म्हणून नियुक्ती झाली.

१८८४ च्या निवेदनातील प्रमुख मागण्या आणि त्या कायद्यात उतरल्याची वर्षे एकापुढे एक ठेवली असता पुढील चित्र दिसते.

तक्ता क्र. १ : १८८४ च्या मागण्या व कायदेशीर मान्यता
साप्ताहिक सुट्टी : १८९१ (७ वर्षांनी)
दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती : १८९१ (७ वर्षांनी)
प्रौढ पुरुषांच्या दैनिक कामाला मर्यादा : १९११, कापड गिरण्यांत १२ तास (२७ वर्षांनी)
अपघातग्रस्त कामगारास भरपाई : १९२३ (३९ वर्षांनी)
वेतन ठरावीक मुदतीत देणे : १९३६ (५२ वर्षांनी)

या तक्त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. विश्रांतीच्या मागण्या तुलनेने लवकर मान्य झाल्या, कारण यंत्रांची सफाई व दुरुस्ती यांसाठी गिरणी कधीतरी थांबवावीच लागत होती. ज्या मागण्यांनी मालकावर आर्थिक उत्तरदायित्व येत होते त्यांना मात्र एक-दोन पिढ्या वाट पाहावी लागली. हातात वेळेवर पगार पडावा ही सर्वांत साधी मागणी सर्वांत शेवटी मान्य झाली. लोखंडे यांच्या मृत्यूनंतर तोवर ३९ वर्षे लोटली होती.

१८९१ च्या सुधारणेने संख्येची अट १०० वरून ५० वर आली. स्त्रियांसाठी कामाची मर्यादा ११ तास झाली आणि मुलांचे किमान वय नऊ ठरले. कायद्याचा परीघ रुंदावला, पण तो अद्यापही कारखान्याच्या फाटकापाशीच थांबलेला होता.

आशियातील समांतर प्रवाह

हाच काळ जपानमध्ये रेशीम आणि सूत गिरण्यांच्या वाढीचा होता. तेथे परकीय सत्ता नव्हती, तरीही कारखाना कायदा सहजासहजी झाला नाही. उद्योजकांच्या विरोधामुळे तो १९११ मध्ये संमत झाला आणि १९१६ मध्ये अमलात आला. १५ किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना तो लागू होता. स्त्रिया व पंधरा वर्षांखालील मुले यांच्यासाठी त्याने १२ तासांची मर्यादा ठरवली. रात्रपाळीवरील बंदी मात्र दीर्घकाळ लांबवण्यात आली आणि १९२९ मध्ये ती प्रत्यक्षात आली. चीनमध्ये १९२९ मध्ये जाहीर झालेला कारखाना कायदा १९३१ मध्ये अमलात आला. यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या आणि ३० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना तो लागू होता. कागदावर तो त्या काळच्या आशियातील प्रगत कायद्यांपैकी एक होता. परंतु शांघायमधील परकीय वसाहतींच्या हद्दीत चिनी निरीक्षकांना कारखाने तपासता येत नसत. जेथे कारखाने होते तेथे कायद्याची सत्ता नव्हती आणि जेथे सत्ता होती तेथे कारखाने थोडे होते.

भारताची १००, जपानची १५ आणि चीनची ३० ही संख्या वेगवेगळी असली तरी व्याख्येची पद्धत एकच आहे. तिन्ही देशांनी माणसाच्या श्रमावरून नव्हे, तर त्याच्या शेजारी किती माणसे काम करतात यावरून त्याचा हक्क ठरवला.

१९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली आणि आशियाचा प्रश्न जागतिक व्यासपीठावर गेला. वॉशिंग्टन येथील पहिल्या परिषदेत भारतीय कामगारांचे प्रतिनिधित्व ना. म. जोशी यांनी केले. या परिषदेने जगासाठी आठवड्याला ४८ तासांचे मानक ठरवले. मात्र ब्रिटिश भारतासाठी ६० तास व जपानसाठी ५७ तास अशी वेगळी मर्यादा ठेवली, तर चीन, इराण आणि सयाम यांना या तरतुदीतून तूर्त वगळले. आशियाई श्रमिकाचा दिवस युरोपीय श्रमिकाच्या दिवसापेक्षा लांब असणे आंतरराष्ट्रीय करारानेही गृहीत धरले होते. तरीही या परिषदेचा परिणाम भारतात लवकर दिसला. १९२० मध्ये मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली. १९२२ च्या कारखाना अधिनियमाने ६० तासांचा आठवडा आणला व संख्येची अट २० वर आणली. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा आणि १९२६ चा कामगार संघटना कायदा हे त्या मालिकेतील पुढचे टप्पे होत. १९३७ पर्यंत ब्रह्मदेश भारताचा भाग असल्याने यांपैकी अनेक कायदे तेथेही पोहोचले आणि फाळणीनंतर ते पाकिस्तानच्याही वाट्याला आले.

हक्क, प्रतिनिधित्व आणि डॉ. आंबेडकर

कायद्याच्या व्याख्येत आलेला प्रत्येक कामगार गिरणीच्या आत समान नव्हता. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यातील वेतन अधिक होते. धोट्यातील तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागत असल्याने विटाळाच्या कल्पनेपायी दलित कामगारांना त्या खात्यात प्रवेश नव्हता. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा प्रश्न कामगार संघटनांसमोर मांडला. कायद्याने दिलेली व्याख्या समाजाने केलेल्या भेदापुढे कशी अपुरी पडते, याचे हे उदाहरण होय.

डॉ. आंबेडकरांचे कार्य येथे तीन अंगांनी महत्त्वाचे ठरते. पहिले स्त्री कामगारांविषयी. मुंबई विधिमंडळात १९२८ मध्ये प्रसूती लाभ विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या काळातील विश्रांतीचा भार मालकाने व सरकारने उचलावा, ही त्यामागील भूमिका होती. १९२९ चा मुंबई प्रसूती लाभ कायदा हा भारतातील अशा स्वरूपाचा पहिला कायदा होय. दुसरे अंग संपाच्या हक्काविषयी. १९३८ च्या मुंबई औद्योगिक विवाद विधेयकाने समेटाच्या प्रक्रियेपूर्वी केलेला संप बेकायदा ठरत होता. संपाचा हक्क हा स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे, अशी मांडणी करून स्वतंत्र मजूर पक्षाने व इतर कामगार संघटनांनी ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप केला. विधेयक तरीही संमत झाले. तिसरे अंग १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मजूर खात्याचे सदस्य म्हणून केलेल्या कार्याचे. त्रिपक्षीय परिषदांची घडी, सेवायोजन कार्यालये, १९४६ च्या दुरुस्तीने आलेला ४८ तासांचा आठवडा आणि त्याच वर्षी मांडलेले किमान वेतन विधेयक या काळातील आहेत. वॉशिंग्टनमध्ये भारतासाठी नाकारलेले मानक २७ वर्षांनी असे कायद्यात आले.

१९४८ च्या कारखाना अधिनियमाने यांत्रिक शक्ती असल्यास १० आणि नसल्यास २० कामगार अशी अट ठरवली. १०० पासून सुरू झालेला प्रवास ६७ वर्षांत १० वर आला होता. त्याच वर्षीचा किमान वेतन कायदा याहून पुढे गेला, कारण त्याच्या अनुसूचीत शेतीचाही समावेश होता.

मात्र कायदा कामगाराला आत घेताना त्याचा आवाज कोणी उचलायचा हेही ठरवू लागला. मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६ अन्वये एका उद्योगात एकाच प्रातिनिधिक संघटनेला वाटाघाटींचा अधिकार होता. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला, तेव्हा वेतनवाढीइतकीच हा कायदा रद्द करण्याची मागणीही महत्त्वाची होती. कामगार एका नेत्यामागे उभे होते आणि कायदा दुसऱ्या संघटनेला प्रतिनिधी मानत होता. त्या संपाचा शेवट आणि गिरणगावाचा ऱ्हास सर्वश्रुत आहे.

मराठवाडा : कायद्याच्या हद्दीबाहेरचा प्रदेश

आतापर्यंतचा इतिहास ब्रिटिश भारताचा आहे. मराठवाडा त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे १८८१ किंवा १८९१ चा अधिनियम येथे लागू नव्हता. औरंगाबादेत १८८९ मध्ये सूत व कापड गिरणी उभी राहिली आणि तेथे सुमारे ७०० माणसे काम करीत. १९०० मध्ये हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे सुरू झाल्यावर औरंगाबाद आणि जालना परिसरात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने वाढले. मुंबईतील कामगाराला रविवारची सुट्टी कायद्याने मिळत असताना त्याच कापसावर काम करणारा औरंगाबादचा कामगार ब्रिटिश भारताच्या त्या कायद्याच्या हद्दीबाहेर होता.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर 'ब' वर्ग राज्यांसाठीच्या १९५१ च्या कायद्याने अनेक केंद्रीय कायदे येथे लागू झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. म्हणजे मुंबईने सात दशके लढून मिळवलेली चौकट मराठवाड्याला काही वर्षांतच, तयार स्वरूपात प्राप्त झाली. पण ती चौकट कारखान्याची होती आणि येथील बहुसंख्य श्रमिक शेतात, रस्त्याच्या कामावर, अडत बाजारात आणि उसाच्या फडात होते. पुढे चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा येथे औद्योगिक वसाहती झाल्या, तरी मराठवाड्यातील श्रमाचे मुख्य रूप फाटकाबाहेरचेच राहिले.

फाटकाबाहेरचा कामगार : महाराष्ट्राचे दोन प्रयोग

स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्राने या फाटकाबाहेरच्या कामगारासाठी दोन महत्त्वाचे कायदे केले. पहिला १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा. बाजारातील हमालाला एक मालक नसतो. सकाळी एका पेढीवर तर दुपारी दुसऱ्या गोदामात तो ओझी वाहतो. त्यामुळे 'मालक आणि नोकर' या व्याख्येत तो बसत नव्हता. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील माथाडी चळवळीच्या रेट्यातून झालेल्या या कायद्याने 'असंरक्षित कामगार' अशी नवी संज्ञा आणली. इतर कायद्यांनी ज्याला पुरेसे संरक्षण दिलेले नाही तो, असा तिचा आशय आहे. कामगाराची व मालकाची नोंदणी मंडळाकडे होते, मजुरी व तिच्यावरील लेव्ही मंडळात जमा होते आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, सुट्टी व इतर लाभ दिले जातात. येथे व्याख्येचा आधार माणसांची संख्या नसून कामाचे स्वरूप आहे. आशियातील कामगार कायद्यांच्या इतिहासात हा वेगळा मार्ग होय.

दुसरा प्रयोग रोजगार हमीचा. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून तासगाव येथे १९६५ मध्ये सुरू झालेला हा उपक्रम १९७२ च्या दुष्काळात राज्यभर विस्तारला. मराठवाड्याने त्या दुष्काळाची सर्वाधिक झळ सोसली. १९७७ मध्ये संमत झालेला रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागणाऱ्याला काम देण्याची जबाबदारी शासनाने कायद्याने स्वीकारली आणि २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याला त्याने वाट दाखवली.

या दोन्ही प्रयोगांनंतरही एक मोठा वर्ग बाहेर राहिला. तो ऊसतोड कामगारांचा. दिवाळीच्या सुमारास बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून टोळ्या पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे निघतात. पती-पत्नीची जोडी मिळून 'एक कोयता' धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत काम सोडता येत नाही आणि खाडा झाला की दंड बसतो. मराठवाड्यातील कोणत्याही ग्रामीण महाविद्यालयात शिकवणाऱ्या प्राध्यापकाला दिवाळीनंतर वर्गात रिकामे होणारे बाक परिचयाचे आहेत. साखर कारखान्याच्या आत वजनकाट्यावर बसणारा कायद्याने कारखान्यातील कामगार ठरतो. त्याच काट्यावर येणारा ऊस तोडणारी जोडी मात्र ठरत नाही. तिचा मालक कारखाना, वाहतूकदार कंत्राटदार की मुकादम, हेच निश्चित नसते.

१९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने कर्जापोटी श्रमाची सक्ती बेकायदा ठरवली, तरी १८५९ च्या कायद्यामागील तर्क उचलीच्या रूपाने व्यवहारात टिकून आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. मुंबईच्या प्रसूती लाभ कायद्याला त्या वर्षी ९० वर्षे पूर्ण झाली होती. गिरणीतील बाळंतिणीला मान्य झालेला विश्रांतीचा हक्क फडातील स्त्रीपर्यंत तोवर पोहोचला नव्हता. ऊसतोड कामगारांसाठी राज्याने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ स्थापन केले आहे. परंतु कल्याण योजना आणि कायदेशीर हक्क यांत फरक आहे. योजना शासन देते, हक्क मात्र मागता येतो.

कायदा असूनही तो छोट्या कार्यशाळेपर्यंत न पोहोचणे, हा अनुभव आशियात इतरत्रही आढळतो. दक्षिण कोरियात १९५३ पासून कामगार मानके कायदा होता. तरीही सेऊलच्या शिवण कार्यशाळांत त्याची अंमलबजावणी होत नव्हती. १३ नोव्हेंबर १९७० रोजी चॉन थे-इल या बावीस वर्षांच्या शिवणकामगाराने त्याचा निषेध म्हणून आत्मदहन केले आणि तेथील कामगार चळवळीला वळण मिळाले. बांगलादेशात २००६ चा कामगार कायदा अस्तित्वात असतानाच २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा इमारत कोसळून ११०० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्यानंतर त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. दोन्ही ठिकाणी कायद्याला जाग आणण्यासाठी मृत्यू घडावा लागला.

संहितांचे युग

भारतात २०१९ व २०२० मध्ये २९ केंद्रीय कायदे एकत्र करून चार संहिता करण्यात आल्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्या आहेत. कारखान्याच्या व्याख्येतील संख्या आता शक्ती असल्यास २० आणि नसल्यास ४० आहे. कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदींसाठीची संख्या २० वरून ५० झाली. कामगार कपातीपूर्वी शासनाची परवानगी घेण्याची अट १०० ऐवजी ३०० कामगारांच्या आस्थापनांना लागू आहे.

तक्ता क्र. २ : कारखान्याच्या व्याख्येतील किमान कामगारसंख्या (यांत्रिक शक्ती असल्यास)
१८८१ : १००
१८९१ : ५०
१९२२ : २०
१९४८ : १०
२०२० ची संहिता : २०

१३९ वर्षांच्या या मालिकेत संख्या प्रथमच वाढलेली दिसते. या बदलाच्या समर्थकांचे म्हणणे असे की, छोट्या उद्योगावरील नियमांचा भार कमी झाल्यास तो वाढेल व रोजगार निर्माण करील. हा युक्तिवाद विचारात घेण्याजोगा आहे. संहितांनी काही दारे उघडलीही आहेत. वेतन संहितेने किमान वेतनाचा हक्क अनुसूचित उद्योगांपुरता न ठेवता सर्वांसाठी मान्य केला आणि सामाजिक सुरक्षा संहितेने मोबाइल अॅपवरून काम करणाऱ्या गिग व प्लॅटफॉर्म कामगारांना प्रथमच कायद्यात स्थान दिले. सिंगापूरमध्येही अशा कामगारांसाठीचा कायदा जानेवारी २०२५ पासून लागू झाला आहे. तथापि यांत्रिक शक्तीवर चालणारा पंधरा कामगारांचा वर्कशॉप १९४८ च्या अधिनियमाच्या मूळ व्याख्येनुसार कारखाना होता आणि नव्या व्याख्येत तो सामान्यतः कारखाना राहत नाही. तेथील यंत्राचा धोका मात्र पूर्वीइतकाच आहे. संख्या बदलल्याने काम बदलत नाही, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

प्रस्तुत अभ्यासातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. वसाहतकालीन आशियात कामगारविषयक कायद्याचा आरंभ संरक्षणापासून नव्हे, तर शिक्षेपासून झाला. उचल आणि सक्ती यांचे नाते आजही पूर्णतः संपलेले नाही.

२. कामगार कायद्याचा विस्तार केवळ राज्यकर्त्यांच्या औदार्याने किंवा केवळ परकीय स्पर्धेच्या दबावाने झालेला नाही. लोखंडे यांच्या निवेदनापासून माथाडी चळवळीपर्यंत प्रत्येक टप्प्यावर व्याख्येबाहेरच्या श्रमिकांची मागणी निर्णायक ठरली.

३. विश्रांतीविषयीच्या मागण्या लवकर आणि आर्थिक उत्तरदायित्वाच्या मागण्या उशिरा मान्य होतात, असे १८८४ च्या मागण्यांच्या कालक्रमावरून दिसते.

४. भारत, जपान आणि चीन या तिन्ही देशांनी कामगारसंख्येला हक्काचा निकष मानले. महाराष्ट्राच्या माथाडी कायद्याने कामाचे स्वरूप हा पर्यायी निकष यशस्वीपणे पुढे आणला. ऊसतोड कामगारांसाठीही याच तत्त्वावर, कारखान्याला उत्तरदायी धरणारी नोंदणी व मंडळाची व्यवस्था विचारात घेता येईल.

५. मराठवाड्याला कायद्याची चौकट तयार मिळाली, पण येथील श्रम त्या चौकटीत मावणारा नव्हता. म्हणून प्रादेशिक विषमतेची चर्चा केवळ सिंचन व उद्योगांच्या अनुशेषापुरती न ठेवता श्रमिकांच्या कायदेशीर अनुशेषाचाही तीत समावेश व्हावा.

लोखंडे यांनी परळला सभा घेतली तेव्हा गिरणी कामगाराला आठवड्याची सुट्टी मागण्यासाठी आधी आपण कोण आहोत हे सांगावे लागले होते. सुमारे एकशे चाळीस वर्षांनंतर उसाच्या फडातील जोडीला तेच सांगावे लागत आहे. कायद्याने या जोडीला 'कामगार' म्हणून ओळखले, तरच लोखंडे यांनी सुरू केलेले काम मराठवाड्यापुरते पूर्ण झाले असे म्हणता येईल.